ट्रकमधलं बाळंतपण

इकडे मिशिगनमध्ये ह्यांनी दोन वर्षांपासून गॅरेजात १९५६ चा फोर्ड एफ-१०० पिकअप उघडून ठेवलाय. चेसिस रंगवून झाली, पुढे डिस्क ब्रेक बसले. बाजूला काढलेल्या गंजक्या केबिनला सँडब्लास्टिंग करायचा दिवसही ठरला.

सीट काढायला गेले, तर गादीत उंदरीण व्यालेली! सहा गुलाबी पिल्लं, डोळेही न उघडलेली.

"बाहेर नेऊन ठेवतो," हे म्हणाले. बाहेर बर्फ! मी हातातला पाना काढून घेतला. तीन आठवड्यांत पिल्लं दूध सोडतात, तेवढं थांबा म्हटलं.

ॲडव्हान्स बुडाला. दोन दिवस अबोला.

तेविसाव्या दिवशी गादी रिकामी होती. किती जगली, कळलं नाही. नव्या सीटला चामडं नको, रेग्झिनच लावा, हे मात्र सांगून ठेवलंय.