लांब बाह्या

कोपरावर पहिला चट्टा उठला तेव्हा मी शाळेत होतो. आईने खोबरेल चोळले, शेजारच्या काकीने नागाचा दोष काढला आणि मी लांब बाह्यांचा शर्ट मागून घेतला. गोव्यातल्या धारगळच्या मे महिन्यातही मनगटाचे बटण लावलेले असे.

निदान पुढे झाले: सोरायसिस. एरवी त्वचेची नवी पेशी तळातून वर यायला महिनाभर लागतो. या आजारात ती काही दिवसांतच वर येते आणि पापुद्रे साचतात. लागण होत नाही. पण पंगतीत शेजारचा जरा सरकून बसला, तर त्याला हे कोण सांगणार? पुढच्या जेवणावळीला आपल्यालाच नेमके काम निघते. काळा शर्ट नको, खांद्यावर कोंडा दिसतो. नातेवाइकांकडे मुक्काम नको, सकाळी चादर झटकावी लागते. पेडण्याची पुनव तर गर्दीचीच, तीही सुटली.

काकीला अडाणी म्हणून सोडून देता येत नाही. चरकसंहितेत श्वित्राच्या, म्हणजे कोडाच्या कारणांत खोटे बोलणे, कृतघ्नपणा, गुरूंचा अपमान, पूर्वजन्मीचे कर्म हे सारे आहे. अंगावरचा डाग म्हणजे वागण्यातला डाग, हा समज इतका जुना. डिसेंबर 2022 मध्ये आमच्या धारगळातच अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. तेव्हापासून भेटेल तो म्हणतो, "घराकडेच हॉस्पिटल आलंय, जाऊन ये रे." म्हणजे बटणे लावूनही सगळ्या गावाला ठाऊक होते!

उपचाराची गंमत वेगळीच. सोरायसिसवर 311 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतात. गोव्याचे ऊन बाह्यांनी अडवायचे आणि विजेच्या दिव्यांपुढे तेच हात उघडे करायला रांग लावायची! डॉक्टर लाली, जाडी, व्याप्ती मोजत. चट्टे जात, परत येत, बाह्या तशाच. मग एका तरुण डॉक्टरणीने दहा प्रश्नांचा कागद पुढे केला. 1994 साली कार्डिफमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली गेल्या आठवड्याबद्दल विचारते. चौथा प्रश्न कपड्यांचा. तोवर हे मला कुणी विचारलेच नव्हते. तिने समुपदेशकाकडे चिठ्ठी दिली. आजार कातडीचा आहे, डोक्याचा नाही, असे मी तावातावाने सांगितले. ताणाने चट्टे वाढतात, चट्ट्यांनी ताण. कुठून तरी तोडू या, एवढेच ती म्हणाली.

हल्ली पोदेराचा भोंगा वाजला की अर्ध्या बाह्यांत पाव घ्यायला जातो. लग्नकार्याला मात्र नाही. समुपदेशक म्हणते, फोटोत तुम्ही घामाघूम दिसता. दिसेना का.