चौबाच्चा

बंगालीत घरातल्या हौदाला चौबाच्चा म्हणतात. शब्द मूळचा फारसी: चाह म्हणजे विहीर, बच्चा म्हणजे पिल्लू. आपला हौद अरबी 'हौज'वरून आलेला, ऐसपैस, चौकात बसलेला. चौबाच्चा म्हटलं की मात्र घरात कुणीतरी लहान आहे आणि त्याला वेळेवर खायला घालायचंय असं वाटतं. उत्तर कोलकात्यातल्या माझ्या सासरी हे अगदी खरं आहे. नळाला सकाळी ठरलेल्या वेळी पाणी येतं, दुपारी थोडं, मग संध्याकाळकडे. त्या वेळांना घरात कुणीतरी असावंच लागतं.

आमचं पिल्लू अंगणात, आभाळाखाली. ५ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट खोल. काठापासून अर्धा फूट खाली भरलं तर साधारण १,४०० लिटर, म्हणजे सत्तर बादल्या. पाणी एक इंच उतरलं की ४७ लिटर गेले. हा हिशेब मी मेजदांसाठी केला. मेजदा म्हणजे नवऱ्याचे मधले चुलतभाऊ. घराला चार वाटेकरी, त्यांतले एक ते. त्यांच्या खोलीची भिंत हौदाला लागून आहे आणि तिला कायम ओल. हौद गळतो, तो राडारोड्याने बुजवावा आणि तिथे स्कूटर लावावी असं त्यांचं म्हणणं. गच्चीवर प्लास्टिकची टाकी आहे, मोटार आहे. म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त पिशिमा अजून हौदावरच आंघोळ करतात. त्यांचं वय ८४. सासऱ्यांची ही बहीण लहानपणी विधवा होऊन माहेरी परतली, आणि या घरात कागदावर त्यांचं काहीच नाही.

शेवटी ठरलं ते असं: पौषात हौद रिकामा करायचा, दुरुस्त करायचा, भरायचा. नंतरही पाणी उतरलं तर बुजवायचा.

पौषच का, तर या दिवसांत हवा कोरडी असते. पावसाळ्यात इथली जमीनच भिजलेली. हौद उपसला तरी भिंती महिनाभर सुकत नाहीत आणि चीर कुठे आहे ते दिसत नाही. जानेवारीत दोन दिवसांत तळ पांढरा पडतो. दुसरं कारण डासांचं. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे नुसतं पाणी काढून भागत नाही, भिंत घासावी लागते. पिशिमांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्या नेहमी तीच रेघ आधी घासायला लावतात.

किमान तापमान १३ अंश. महाबळेश्वरला याला कुणी थंडी म्हणणार नाही, पण इथे माणसं माकडटोपी घालून दूध आणायला जातात, आणि रात्रभर उघड्यावर राहिलेल्या पाण्यात पोटरीपर्यंत उभं राहिल्यावर मीही त्यांना हसणं सोडलं.

मोटार लावून तासाभरात उपसता आलं असतं. पिशिमांनी नको म्हटलं. "बौमा, पाणी फेकायचं नाही, पोचवायचं." वरच्या पंचवीस बादल्या धुण्याला. पुढच्या तीस जिने आणि व्हरांड्याला. उरलेलं मोरीला, आणि तळाचा गाळ पेरूच्या झाडाला. बाहेर गल्लीतल्या नळाला तोटीच नाही, पाणी आलं की ते गटारात वाहत राहतं, आणि आत आम्ही बादल्या मोजतोय. मला हसू आलं. पिशिमांना आलं नाही.

गाळाचं त्यांना फार. त्यांच्या लहानपणी शहरात दोन पाणी होती. एक पलत्याला गाळून टाल्याच्या टाकीवरून येणारं. दुसरं हुगळीचं, न गाळलेलं, मल्लिक घाटाच्या पंपावरून येणारं, रस्ते धुवायला आणि आग विझवायला. एकोणिसाव्या शतकात नळ आले तेव्हा, यंत्रात चामडं असतं म्हणून ते पाणी चालेल का यावर इथल्या सनातन्यांत मोठा वाद झाला. पिशिमांच्या आजीच्या लेखी गढूळ तेच पवित्र होतं आणि स्वच्छ ते संशयास्पद.

त्या टाल्याच्या टाकीची एक गोष्ट मला फार आवडते. ती १९११ची, लोखंडी खांबांवर शंभर फुटांहून उंच उभी, ९० लाख गॅलनची. पण आत चार कप्पे केलेले. एक रिकामा करून दुरुस्त करायचा, तोवर बाकीचे तीन शहराला पाणी देत राहतात. आमच्या चौबाच्चाला एकच कप्पा, त्यामुळे तेवढे दिवस पिशिमांची आंघोळ गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याने झाली. त्याला प्लास्टिकचा वास येतो म्हणाल्या. मलाही येतो.

आमच्याकडून मराठा डिच लेन चालत दहा मिनिटांवर आहे. बर्गींच्या, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या भीतीने १७४२मध्ये कोलकात्याने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला. तो अर्धाच झाला, मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, आणि पुढे तो बुजवून रस्ता केला. मी खराट्याने तळ घासत असताना पिशिमा काठावरून म्हणाल्या, "तुमच्यामुळे आम्ही खणलं, आता तुम्ही साफ करा." मी त्यांना सांगितलं की त्याच सुमाराला नानासाहेब पेशवे कात्रजचं पाणी पुण्यात आणत होते आणि त्या पाण्यावर भरणारे हौद होते; फडके हौद, बदामी हौद ही नावं अजून चालतात. "आणि हौद?" त्यांनी विचारलं. नावं चालतात, एवढंच मी पुन्हा सांगितलं.

चीर सापडली ती बोळ्याच्या भोकाखाली, केसाएवढी, मेजदांच्या भिंतीच्या बाजूला. गवंड्याने ती खरवडून सिमेंट भरलं आणि त्यावर चार दिवस ओलं गोणपाट. मग भरायला घेतलं, तेही एकदम नाही: पहिल्या दिवशी वीतभर, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी पूर्ण. डासांच्या अळ्या खायला सोडलेले गप्पी मासे तोवर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बादलीत होते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडायला एक-दोन दिवस लागतात, आणि एकदम थंड पाणी त्यांना सोसत नाही. म्हणून त्यांच्या बादलीत हौदाचं पाणी लोटा-लोटाभर मिसळत गेले. सोळांपैकी चौदा जगले.

मग परीक्षा. पाण्याच्या पातळीवर भिंतीला खिळ्याने ओरखडा काढला. काठावर एक भरलेली बादली ठेवली आणि तिच्या आतही तशीच खूण केली. कोरड्या हवेत पाणी उडतंच. दोन्हीकडे सारखं उतरलं तर ती हवा, हौदात जास्त उतरलं तर गळती. हौदावर तीन दिवस कुणी तांब्या बुडवायचा नाही असं मेजदांनीच जाहीर केलं. पिशिमा रोज पहाटे शाल पांघरून येत आणि काही न विचारता उभ्या राहत. पायरीवरून त्यांना खूण दिसत नाही, डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

चौथ्या सकाळी मेजदा मुलाची पट्टी घेऊन आले. बादलीत आठ मिलिमीटर. हौदात नऊ, कदाचित साडेआठ. ओरखडा जाड होता. ते दोनदा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "पावसाळ्यानंतर बघू." पट्टी खिशात घातली, काठावरची बादली उचलली आणि आंघोळीला गेले.

पिशिमांनी मला विचारलं, "काय म्हणाला?"