आईची विळी आणि माझे यंत्र

आमच्या बंगळूरच्या घरी दरवर्षी जून महिन्यात रत्नागिरीहून एक खोके येते. त्यात हापूस आंब्याच्या रसाचे ८५० ग्रॅमचे बारा डबे असतात. कोकण सोडून कित्येक वर्षे झाली, तरी त्या खोक्याशिवाय आईचा उन्हाळा संपत नाही. आंब्याचा मोसम सरल्यावर दसऱ्याला, दिवाळीला किंवा कोणी जिव्हाळ्याचा पाहुणा आला की त्यातला एक डबा निघतो. पुऱ्या तळल्या जातात आणि मल्लेश्वरममधल्या आमच्या लहानशा स्वयंपाकघरात कोकण अवतरते.

२००९ सालच्या दसऱ्याची गोष्ट. मी बाजारातून झेंडूची फुले घेऊन परतले, तेव्हा आई ओट्याशी उभी होती. तिच्या डाव्या हाताला पदराचे टोक गुंडाळलेले होते आणि ते लाल झाले होते. ओट्यावर अर्धवट उघडलेला डबा होता. त्याचे झाकण वर वाकले होते आणि कड करवतीच्या दात्यांसारखी झाली होती. बाजूला सुरी आणि खलबत्त्यातला बत्ता पडला होता. काय घडले असेल, हे मी ओळखले. घरात हाताने फिरवायचा टिन ओपनर होता. पण संधिवाताने आखडलेल्या बोटांना त्याची किल्ली फिरवता येत नव्हती. म्हणून तिने सुरीचे टोक झाकणावर टेकवून वर बत्ता मारला होता.

"काही नाही गं झालं," ती म्हणाली. "माझंच चुकलं. जरा घाई केली."

दवाखान्यात चार टाके पडले. परत येताना रिक्षात ती पुन्हा तेच म्हणाली, "माझंच चुकलं." जखमेपेक्षा ते वाक्यच मला अधिक बोचले. मी व्यवसायाने यंत्रे आणि साचे बनवणारी. पीण्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात घरगुती उपकरणांचे सुटे भाग तयार करण्याचे माझे काम. एखादा भाग बिघडला, तर आम्ही साचा तपासतो, मोजमाप तपासतो; त्या भागाला दोष देत नाही. मग वस्तू वापरताना हात कापला, तर दोष हाताचा कसा? चूक आईची नव्हती. तिच्या हाताचा विचार न करता ज्याने ती वस्तू घडवली, त्याची होती. आईला वापरता येईल असे विजेचे टिन ओपनर आपण तयार करायचे, असे मी त्या रात्री ठरवले.

काम हाती घेतल्यावर प्रथम डब्याची ओळख करून घ्यावी लागली. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचे एकस्व इंग्लंडमध्ये १८१० साली पीटर ड्युरँड यांनी घेतले. हे डबे सैन्याला आणि जहाजांवरील खलाशांना फार उपयोगी पडले. मात्र ते उघडायचे कसे, याचा विचार कोणी केला नव्हता. लोक छिन्नी आणि हातोडी घेऊन बसत. डबे उघडण्याच्या खास हत्याराचे एकस्व अमेरिकेत एझरा वॉर्नर यांना मिळाले ते १८५८ साली आणि कडेवर चाक फिरवून कापण्याची युक्ती विल्यम लायमन यांनी काढली ती १८७० साली. म्हणजे डबा बंद करण्याची विद्या आधी आली आणि उघडण्याची विद्या जवळजवळ अर्ध्या शतकाने! आपली आई सुरी आणि बत्ता घेऊन उभी राहिली, तेव्हा ती दोनशे वर्षांपूर्वीच्या खलाशाच्या जागी उभी होती, हे लक्षात येऊन मी चकित झाले.

डब्याची कड नीट पाहिली, तर त्यात मोठे कौशल्य दिसते. झाकणाचा आणि डब्याच्या अंगाचा पत्रा एकमेकांत अडकवून, दुमडून घट्ट दाबलेला असतो. त्या अरुंद शिवणीत पत्र्याचे पाच थर असतात : तीन झाकणाचे आणि दोन अंगाचे. साधे ओपनर या कडेच्या आतल्या बाजूने झाकण कापते. त्यामुळे झाकणाला आणि डब्याला, दोन्हीकडे धारदार काठ उरतो. शिवाय कापलेले झाकण रसात पडते आणि ते काढायला पुन्हा बोटच घालावे लागते. याउलट, बाहेरून शिवणीतच चाक चालवले, तर झाकण कडेसकट सुटून येते, धार पुष्कळ कमी राहते आणि झाकण पुन्हा डब्यावर ठेवताही येते. दुसरी पद्धत मी निवडली.

तीन महिन्यांनी पहिला नमुना तयार झाला. लहान मोटार, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रे, कापणारे एक चाक आणि डबा फिरवणारे एक दातेरी चाक. मला त्याचा फार अभिमान वाटत होता. मी तो ओट्यावर ठेवला आणि म्हटले, "आई, उघड बघू डबा."

तिने डबा उचलला. रसासकट त्याचे वजन किलोभर होते. एका हाताने तो वजनदार डबा अधांतरी धरायचा आणि दुसऱ्या हाताने वरची दांडी खाली दाबायची, अशी माझी योजना होती. दांडी तिच्याने दबली नाही. दुसऱ्यांदा तिने प्रयत्न केला, तेव्हा यंत्रच ओट्याच्या गुळगुळीत काळ्या दगडावरून मागे सरकले. ती ओशाळून हसली आणि म्हणाली, "मला नाही जमत बाई. माझंच चुकत असेल काहीतरी."

पुन्हा तेच वाक्य! या वेळी ते माझ्या यंत्रापुढे उच्चारले गेले होते. कारखान्यात मी स्वतः त्यावर वीस डबे उघडले होते; पण ते माझ्या हातांनी, वयाच्या पस्तिशीतल्या, रोज पाने आणि कानस चालवणाऱ्या हातांनी.

मग मी माणसे गोळा केली. शेजारच्या कन्नड आजींना, म्हणजे आमच्या अज्जींना, मोतीबिंदूमुळे अंधुक दिसे. काळ्या यंत्रावरचा काळा खटका त्यांना सापडलाच नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई डावखुऱ्या. त्यांनी यंत्र दोनदा उलटसुलट फिरवून पाहिले आणि सरळ सांगितले, "ताई, हे उजव्या हाताच्या माणसासाठीच केलंय तुम्ही." शिवाय त्यांचे हात ओले होते आणि मागच्या तारेत २३० व्होल्टची वीज खेळत होती. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. एका दुपारी त्या तीन स्त्रियांनी मला जे शिकवले, ते माझ्या पदविकेच्या तीन वर्षांत कोणी शिकवले नव्हते.

सर्वांत अवघड प्रश्न खटक्याचा होता. खटका दाबून धरला असेल तोवरच मोटार फिरावी आणि सोडताच थांबावी, हे सुरक्षित. परंतु दुखरी बोटे खटका दाबून धरू शकत नव्हती. एकदा दाबला की यंत्र आपोआप चालत राहावे, हे सोपे. परंतु मध्येच कोणाचे बोट अडकले तर? जे सुरक्षित ते अवघड आणि जे सोपे ते धोक्याचे, अशा कात्रीत मी सापडले होते. कित्येक दिवस कागदावर रेघोट्या ओढल्या, पण मार्ग दिसेना.

मार्ग दिसला तो एका रविवारी सकाळी, आईकडे पाहताना. ती जमिनीवर बसून विळीवर भोपळा चिरत होती. ज्या हातांना डब्याची किल्ली फिरवता येत नव्हती, तेच हात टणक भोपळ्याच्या फोडी सहज करत होते. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"तुझे हात दुखत नाहीत का गं?"

"बोटं कुठे लागतात इथे?" ती म्हणाली. "पाट पायाखाली घट्ट असतो. दोन्ही तळहातांनी भोपळा धरायचा आणि अंगाच्या भाराने पुढे लोटायचा. विळी आपल्या जागी, आपण आपल्या जागी."

लहानपणापासून मी विळी पाहत आले होते. त्या दिवशी मला ती प्रथम दिसली. सुरीमध्ये पाते हलते आणि ते हाताने आवरावे लागते. विळीचे पाते मात्र स्थिर असते, हलते ती भाजी. पात्याची जागा ठरलेली असल्याने हाताला ती पाठ होते. पाट पायाखाली दाबलेला असल्याने विळी सरकत नाही. जोर बोटांचा नसून साऱ्या अंगाचा असतो. आणि काम संपले की पाते मिटायचे, विळी उभी ठेवायची नाही, हा घराघरातला नियम. ही रचना कोणा एकाने केलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी ती घडवली आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला होता. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची अशीच वाखाणणी केली होती. मला वाटले, त्यांनी कोकणातल्या एखाद्या घरात विळीही पाहायला हवी होती.

दुसरा नमुना मी विळी समोर ठेवून केला. डबा उचलून धरण्याऐवजी तो ठेवायला खाली एक चौथरा केला. डब्याच्या उंचीप्रमाणे तो वरखाली सरकवता येत असे. बूड जड केले आणि त्याला रबराचे पाय लावले. कापणारे चाक आपल्या जागी राही आणि डबा चौथऱ्यावर सावकाश फिरे. खटक्याच्या जागी माथ्यावर मधोमध तळहाताएवढी रुंद दाबपट्टी बसवली. तिच्यावर हात नुसता टेकवला, की हाताच्या भारानेच ती दबे; डावा हात असो की उजवा. हात उचलला की यंत्र थांबे. शिवाय आत दुसरा एक छुपा खटका ठेवला. डब्याची कड जागेवर बसल्याशिवाय तो दबत नसे आणि तोवर मोटारीला वीज मिळत नसे. त्यामुळे रिकाम्या यंत्रात कुतूहलाने बोट घालणाऱ्या मुलाचीही काळजी मिटली. घरातली वीज दूरच्या एका छोट्या पेटीत १२ व्होल्टवर उतरवून मगच यंत्रात आणली. दाबपट्टी पिवळी केली आणि तिच्या कडेला उठावाची रेघ दिली, म्हणजे अज्जींना ती दिसावी, आणि न दिसली तरी चाचपून सापडावी. कापणारे चाक स्क्रू न काढता सुटे करून धुता येईल असे बसवले. कारण त्याला चिकटलेला रस आंबून पुढच्या डब्यात जाणे, हाही एक धोकाच होता.

एक गोष्ट मात्र यंत्रात बसवता आली नाही. डबा ठेवण्यापूर्वी आई त्याची दोन्ही झाकणे बोटाने दाबून पाहते. फुगलेला किंवा शिवणीवर गंजलेला डबा ती उघडतच नाही, टाकून देते. ते शहाणपण माणसापाशीच राहावे लागते.

पुढे वाचनात आले, की अमेरिकेत सॅम फार्बर यांनीही असाच विचार केला होता. पत्नी बेट्सी यांच्या हातांना संधिवात होता; सोलाणे धरताना त्यांना होणारा त्रास पाहून त्यांनी जाड, मऊ मुठीची स्वयंपाकाची साधने करवून घेतली आणि १९९० साली ती बाजारात आली. दुखऱ्या हातांसाठी केलेली ती साधने धडधाकट माणसांनीही आवडीने घेतली. मला हे वाचून फार आनंद झाला. दुबळ्या हातासाठी केलेली वस्तू बळकट हातालाही सोयीची होते. बळकट हातासाठी केलेली वस्तू मात्र दुबळ्या हाताला परके करते.

माझे यंत्र बाजारात आले नाही. आपल्याकडे घरोघरी डबाबंद अन्न फारसे खाल्ले जात नाही, तेव्हा एवढ्या महागड्या वस्तूला गिऱ्हाईक कोठून मिळणार, असा हिशोब कारखान्यात मांडला गेला आणि तो चुकीचा नव्हता. मला वाईट वाटले, हे खरे. पण त्यानंतर कोणताही आराखडा हाती आला, की पहिला नमुना मी आईच्या ओट्यावर नेऊ लागले. काही मुठी बदलल्या, काही खटके रुंद झाले, काही अक्षरे मोठी झाली. तयार झालेला तो एकमेव टिन ओपनर आमच्याच घरी राहिला. पुढच्या दसऱ्याला मी घरी पोहोचले, तेव्हा रसाचे पातेले भरून तयार होते, झाकण डब्यावर नीट ठेवलेले होते आणि मला हाक मारण्याची आईला गरज पडली नव्हती.

अलीकडेच एका सकाळी तिने बाजारातून आणलेली लोणच्याची बरणी माझ्यासमोर ठेवली. झाकण घट्ट बसले होते आणि ते तिला फिरवता आले नव्हते. आता ती "माझंच चुकलं" असे म्हणेल, म्हणून मी वाट पाहत राहिले.

चष्मा सारखा करून तिने झाकण नीट निरखले आणि म्हणाली, "ह्या झाकणाचंच काहीतरी चुकलंय गं. बघ, तुला सुधारता येतं का."