कोवळ्या उन्हाची मुदत

सहा महिने ढगांच्या गोधडीखाली निजलेल्या बर्लिन नगरीवर एप्रिलच्या एखाद्या सकाळी सूर्याचा अंमल पुन्हा बसतो, तेव्हा माझ्या समोरच्या सज्जातील वृद्ध शेजारीणबाई बाह्या कोपरापर्यंत दुमडून, घड्याळ काढून मांडीवर ठेवून, बरोबर दहा मिनिटे उन्हात बसतात आणि मुदत भरताच, ऊन कितीही लोभस असो, उठून आत जातात. आठवड्या-आठवड्याने ती मुदत किंचित वाढते. आणि मे सरता सरता त्यांच्या हातांवर जो पिकल्या गव्हाचा वर्ण चढतो, त्याला आपल्या भाषेतील ‘राप’ हाच शब्द शोभतो.

रापणे या क्रियापदाशी माझी ओळख निराळ्या वाटेने झाली. नांगरटीवरून परतणाऱ्या आजोबांची पाठ रापलेली असे. घरातल्या उपवर मुलीने मात्र रापू नये म्हणून तिला भर दुपारी अंगणात उतरण्याची मनाई असे आणि हळद, साय व डाळीचे पीठ यांचा दस्तूर निमूटपणे चालवला जाई. आम्ही ज्या वर्णाला कष्टाचा दाखला समजलो, तोच येथे विश्रांतीचा आणि आरोग्याचा दाखला ठरतो, याचा मला प्रथम विस्मय वाटे. या भूमीचे अक्षांश ध्यानी आले तेव्हा तो ओसरला. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत येथील सूर्य इतका खाली कलतो की त्वचेला ड जीवनसत्त्व घडवण्याइतके किरण लाभतच नाहीत. याच शहरात 1919 साली कुर्ट हुल्डशिन्स्की या वैद्याने या जीवनसत्त्वाच्या उणिवेतून होणाऱ्या मुडदुसाने पीडित बालकांवर क्वार्ट्‌झच्या दिव्याचा अतिनील प्रकाश पाडून त्यांची हाडे सुधारल्याचे सिद्ध केले. तान्ह्या बाळाला तेल चोळून कोवळ्या उन्हात निजवणारी माझी आजी त्याच बाजूची होती, असे मला मनापासून वाटते.

शेजारीणबाईंनीच मला ‘लिख्टश्विले’ हा जर्मन शब्द दिला; अर्थ, प्रकाशाचा घट्टा. कुदळीच्या दांड्याने तळहाताला घट्टे पडावेत, तसा थोड्याथोड्या उन्हाने दोन-तीन आठवड्यांत त्वचेचा बाह्य थर जाड होतो. शब्द मला फार आवडला. पण तो सांगणाऱ्या बाईंनी लगेच बजावले की या घट्ट्याचे आणि त्यावर चढलेल्या वर्णाचे संरक्षण अगदी अल्प असते. पेशींच्या गाभ्यातील आनुवंशिक द्रव्याला इजा पोहोचते, त्या इजेची वर्दी लागते, आणि मगच रंगद्रव्य वर चढू लागते. म्हणूनच अतिनील निर्देशांक 3 झाला की सावली, सदरा आणि टोपी यांचा बंदोबस्त करावा, असे येथील सरकारचे किरणोत्सर्ग-संरक्षण खाते सांगते, आणि मला ते पटते. स्वयंपाकघराचीही थोडी मदत होते: ड्युसेलडॉर्फ येथील संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा आठवडे रोज 40 ग्रॅम टोमॅटोचा घट्ट गर ऑलिव्ह तेलासह खाणाऱ्यांची त्वचा उन्हाने कमी लाल झाली. मात्र दहा आठवडे! त्वचेच्या दरबारात घाईची दरखास्त मंजूर होत नाही.

हे मला अनुभवाने कळले. आपली त्वचा जन्मतःच उन्हाळी, तिला कसली तयारी, अशा समजुतीने एका मे महिन्यात मी वानझे सरोवराच्या वाळूत दुपारभर उघड्या अंगाने पहुडलो, आणि हिवाळ्याने राप उतरवलेल्या माझ्या खांद्यांची आग चार रात्री शमली नाही. त्या किनाऱ्यावरील विस्तीर्ण स्नानगृह 1929-30 मध्ये उभे राहिले. जवळच्याच डालेममध्ये त्या सुमारास इरावतीबाई कर्वे मानववंशशास्त्राचा अभ्यास करत होत्या. त्या या किनाऱ्यावर कधी गेल्या की नाही, कोण जाणे. परंतु वर्णावरून माणसाची प्रत ठरवू पाहणाऱ्या त्या काळात, हजारो गोरी माणसे सावळी होण्यासाठी तेथे वाळूत पडलेली होती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

यंदा बाईंनी सज्जात माझ्यासाठी दुसरी खुर्ची मांडली. सकाळचे नऊ-साडेनऊ, लिंडेन वृक्षाला नुकती फुटलेली पालवी, आणि कठड्यावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन हात: त्यांचा गव्हाळ होऊ लागलेला, माझा हळूहळू आजोबांच्या पाठीकडे परतणारा. घड्याळाकडे पाहून त्या म्हणाल्या, “पुरे आता”. आणि आम्ही खुर्च्या उचलून सावलीत सरकलो.