मालकांची डागडुजी आणि आमचे बिऱ्हाड

इंदुरातील जुन्या वाड्यांतून मालक आणि बिऱ्हाडकरू हे नाते केवळ भाड्याच्या पावतीपुरते कधीच नव्हते. होळकरशाहीत दरबारच्या चाकरीला आलेल्या घराण्यांनी वाडे बांधले. मागाहून आलेले कारकून, मास्तर, भिक्षुक त्यांच्या माडीवर बिऱ्हाडे करून राहिले. मालकिणीबाईंच्या हळदीकुंकवाला बिऱ्हाडकरणींनी राबावे आणि बिऱ्हाडातल्या मुंजीचा मांडव मालकांच्या चौकात पडावा, अशी रीत होती. त्यामुळे मालकांविरुद्ध कायद्याचे नाव काढणे आमच्या लोकांस घरच्या वडीलधाऱ्यांवर फिर्याद करण्याइतके अवघड जाते. हा संकोच चांगल्या संस्कारातला खरा. पण वाड्याखालच्या जमिनीचे मोल वाढले तशी त्याची किंमतही वाढली आहे.

आमच्या वाड्यात आता तीनच बिऱ्हाडे उरली आहेत. गेल्या दिवाळीनंतर तळमजल्यावर दुकाने काढण्यासाठी तोडफोड सुरू झाली. जुन्या काळच्या त्या जाड भिंती! घणाचा प्रत्येक घाव माडीच्या तुळयांतून थेट अंथरुणात पोहोचे. त्यात यंत्रे आली. सकाळी सातला सुरू होणारा घरघराट रात्री अकरा वाजले तरी थांबेना. आमच्या आत्या ब्याऐंशी वर्षांच्या, हृदयविकाराच्या; शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी दहावीला. कडीपाटातून माती गळे, ती ताटात पडे. जेवताना ताटावर वर्तमानपत्र धरण्याची कला आम्ही त्या दिवसांत आत्मसात केली.

तिन्ही बिऱ्हाडांनी मिळून मालकांकडे जायचे ठरविले. हे मालक म्हणजे मूळ मालकांचे नातू. आमच्या डोळ्यांदेखत वाढलेले. रात्रीचे काम बंद ठेवा आणि दुपारी दोन घटका विश्रांती द्या, एवढेच आम्ही मागितले. ते नम्रपणे हसून म्हणाले, ‘‘काका, आवाज सोसत नसेल तर शहरात जागा काय कमी आहेत?’’

त्या एका वाक्याने हा प्रश्न नुसत्या आवाजाचा राहिला नाही.

न्यायाने पाहिले तर दुरुस्ती हा मालकांचा हक्क आहे, आणि कर्तव्यही आहे. गळके छप्पर नीट करा म्हणून आम्हीच वर्षानुवर्षे पाठ धरली होती. तेव्हा छिन्नी-हातोड्याचा प्रत्येक आवाज म्हणजे अन्याय, असे म्हणणे शहाणपणाचे नव्हे. पण दुरुस्ती वेगळी आणि बिऱ्हाडकरूला हुसकण्यासाठी केलेला गोंगाट वेगळा. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध वकिलांनी हा भेद आम्हांस समजावून सांगितला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम असे मानते की, करारात उलट काही ठरलेले नसल्यास, भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूस मुदतभर जागेचा निर्वेध उपभोग मिळेल, अशी हमी मालकाने दिलेलीच असते. भाडे घ्यायचे आणि राहणे अशक्य करायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

आवाजाविषयी तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. (साधे बोलणेही साठाच्या आसपास जाते म्हणतात, त्या हिशेबाने आमच्याकडची हळदीकुंकवे कोठे बसतील, हा प्रश्न न विचारलेला बरा.) बाजारपेठेच्या भागात हीच मर्यादा ६५ आणि ५५ आहे. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल वा अधिक आवाज झाला की नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. शिवाय २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाज करणारी बांधकामयंत्रे चालविण्यास सरळ बंदी घातली आहे. तिथे डेसिबल मोजण्याचीही गरज नाही, घड्याळ पुरे.

आमच्या वाचकांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पुण्या-मुंबईचे नातलग मोठ्या अधिकाराने सल्ला देतात आणि तो १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यावर बेतलेला असतो. तो कायदा महाराष्ट्राच्या सीमेवर थांबतो. बडोद्याचा कायदा निराळा, बेळगावचा निराळा, हैदराबादचा निराळा. आमच्या मध्य प्रदेशात १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाने अशी तजवीज केली होती की, दुरुस्तीसाठी वा नव्या बांधकामासाठी जागा रिकामी करण्याचा हुकूम देताना, काम झाल्यावर परत यावयाचे आहे काय, हे न्यायालयाने भाडेकरूस विचारावे आणि त्याची इच्छा हुकुमात नोंदवावी. सबळ कारणावाचून पाणी, वीज, जिन्यातला दिवा तोडण्यासही त्यात मनाई होती. आपल्या बिऱ्हाडास नेमका कोणता कायदा लागू पडतो, हे आपल्याच गावच्या वकिलास विचारावे. पुण्याच्या मेहुण्यास विचारू नये.

वकिलांनी दुसरे बजावले ते भाड्याविषयी. रागाच्या भरात पुष्कळ लोक भाडे अडवून धरतात आणि मालकांच्या हाती आयते कारण देतात. आमचे भाडे घेण्यास मालकांनी दोन महिने टाळाटाळ केली, तेव्हा ते आम्ही बँकेमार्फत त्यांच्या खात्यावर भरले. एका वहीत तारीख, वेळ आणि कामाचा प्रकार लिहू लागलो. ती वही दहावीच्या मुलीनेच ठेवली. तिच्या अक्षराला वळण आहे. मग मालकांस एक सविनय पत्र पोच मिळेल अशा रीतीने टपालाने धाडले, आणि उत्तर न आल्यावर वहीच्या नकलेसह पोलिसांकडे अर्ज केला.

अर्ज लिहिताना आत्यांनी फार विरोध केला. ज्या घरच्या आजेसासूबाईंनी आपल्याला सुवासिनी म्हणून जेवू घातले, त्या घरावर पोलीस धाडायचे? आम्ही निरुत्तर झालो. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘‘लिहा, पण भाषा नीट असू द्या.’’ संक्रांतीला त्यांनी मालकांकडे तिळगूळ पाठविला, त्यांच्याकडूनही आला.

रात्रीचे काम त्या अर्जानंतर चौथ्या दिवशी बंद झाले. दिवसाचे चालूच आहे. दुपारी एक ते तीन मिस्त्री थांबतात. हे मालकांनी कबूल केले नाही, पण घडते आहे. फाल्गुनात जिन्याची एक बाजू उतरवली, तेव्हा महानगरपालिकेची बांधकाम-परवानगी दाखवा, असे आम्ही लेखी विचारले. त्यानंतर जिना आठ दिवसांत पुन्हा उभा राहिला. दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणण्याचा मार्ग आहे, पण तिन्ही बिऱ्हाडांच्या मते तूर्त थांबावे.

आता माडीचे काम काढायचे असल्याने तीन महिने जागा सोडा, असा निरोप आला आहे. आमची तयारी आहे. मात्र याच खोल्यांत, याच भाडेकरूपणाच्या हक्काने परत येऊ, असे मालकांनी कागदावर लिहून सही करावी, असे आम्ही कळविले आहे. त्या पत्रास आज सतरा दिवस झाले. आत्यांनी आपली पितळी भांडी पेटीत भरून ठेवली आहेत, पण पेटीला कुलूप घातलेले नाही.