हयात वडिलांचा एक दिवस

आपल्या पंचांगात वडिलांची सोय मृत्यूनंतर उत्तम केलेली आहे. भाद्रपदाचा सबंध वद्य पक्ष पितरांसाठी राखलेला; तिथी चुकलीच तर सर्वपित्री अमावास्या आहे. आईचा विचार मात्र तिच्या हयातीतच झालेला दिसतो. श्रावणातील पिठोरी अमावास्येस ती वाण डोक्यावर धरून ‘अतीत कोण?’ म्हणून विचारते आणि मुले ते मागून घेतात. पण जो बाप समोर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत आहे, त्याचे काय करावे? त्यास देव मानावे, असे उपनिषद सांगते खरे. वर्षातला एखादा दिवस काही त्याच्या वाट्यास आलेला नाही.

ही उणीव अमेरिकेतील एका कन्येने भरून काढली. सोनोरा डॉड हिच्या विधुर वडिलांनी सहा मुलांचा सांभाळ केला होता. तिच्या खटपटीने १९ जून १९१० रोजी स्पोकेन या गावी पहिला पितृदिन पाळला गेला, आणि पुढे १९७२ साली तेथील कायद्याने जूनचा तिसरा रविवार त्यासाठी कायम केला. श्रीगजानन महाराजांनी शेगावी समाधी घेतली तेही १९१० सालच. हा योगायोग आमच्या धाकट्या बहिणीने शोधला, आणि तोच कामी आला. नुसता ‘पितृदिन’ शब्द ऐकताच आमचे वडील, म्हणजे नाना, म्हणाले होते, “अरे, त्या यादीत माझे नाव अजून लागायचे आहे.” शेगावास मात्र त्यांना नाही म्हणवेना.

आम्हां भावंडांचा बेत साधा होता. जन्मभर प्रत्येक प्रवासात तिकिटे नानांनी काढली, माणसे त्यांनी मोजली, पिशव्या त्यांनी सांभाळल्या, आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावर ते जेवले. खिडकीची जागा त्यांना मिळालेली आम्हांस स्मरत नाही. तेव्हा त्या दिवशी त्यांच्याजवळ पाकीट असावयाचे नाही आणि खिडकी त्यांची, एवढाच नियम. वाहने मात्र नातवंडांच्या हट्टाने ठरली. मोटार घरी ठेवावयाची आणि मिळतील तितक्या तऱ्हेच्या गाड्यांतून जावयाचे!

आरंभ खामगाव-जलंब गाडीने झाला. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गास नेऊन देण्यासाठी काढलेला हा जेमतेम तेरा किलोमीटरांचा फाटा. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी १८७० साली त्याचे उद्घाटन केले. नाना खिडकीशी बसले. पण पाकिटावाचून हात रिकामे झाल्यामुळे ते बेचैन दिसत होते. दोनदा त्यांनी माणसे मोजली. तिसऱ्यांदा मोजता मोजता ते थांबले आणि बाहेर पाहत आपल्या वडिलांविषयी बोलू लागले.

१९६२ साली नाना शिकण्यासाठी नागपुरास निघाले, तेव्हा आमचे आजोबा त्यांना पोचविण्यास याच गाडीने जलंबपर्यंत आले होते. ट्रंक डब्यात चढवून दिली, उपदेश असा काही केला नाही. गाडी सुटताना मुलाच्या मुठीत थोडी नाणी ठेवली. ती आजोबांच्या परतीच्या तिकिटाची होती. ते रुळाकाठाने खामगावापर्यंत चालत गेले. पायांस फोड आल्याचे आजीने पंधरा दिवसांनी पत्रातून कळविले, तेव्हा कोठे नानांना हा हिशेब उमगला. “मी विचारले, तर म्हणाले, हवा छान होती,” नाना म्हणाले. डब्यात आम्ही चौदा माणसे होतो. कोणासच काही बोलणे सुचेना. ही गोष्ट आमच्या आईनेही त्याच दिवशी प्रथम ऐकली.

जलंबास गाडी बदलली. पुढचेच स्थानक शेगाव. तेथून ऑटोरिक्षा, मग रविवारची भली मोठी रांग आणि दर्शन. शेगावास येऊन कचोरी न खाणे हे नातवंडांच्या मते पाप. ती त्यांनी स्वतः पैसे देऊन आजोबांस खाऊ घातली. गाभ्यात झणझणीत मिरची, सोबत तळलेली हिरवी मिरची, आणि वयाचा विचार कोणीच केला नाही.

परत येताना खामगावच्या वाटेवर एका फाट्यास एस. टी.तून उतरलो. तेथे एका स्नेह्यांची बैलगाडी उभी होती. मृगाने त्या वर्षी ओढ दिली होती, म्हणून पेरणीच्या दिवसांतही बैल मोकळे होते. गाडीवानाची नजर सारखी आभाळाकडे जात होती. आमच्या आनंदास तेवढी एक काळी कड होतीच.

शेतात निंबाखाली रोडग्यांचा बेत होता. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयाचे, तर गव्हाची जाडसर कणीक, तेलाचे मोहन आणि ओवा घालून घट्ट भिजवावी, पदर घालून गोळे वळावे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजावे. भाजलेला रोडगा राख झटकून फोडावा, त्यावर तुपाची धार सोडावी. बरोबर तुरीचे वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. कृती अशी कागदावर सोपी दिसते. निखारा केव्हा उतरला आणि रोडगा केव्हा उलटावा, हे आमच्यापैकी नानांखेरीज कोणास येत नाही. म्हणून विस्तव तेवढा आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे ठेवला होता. धोतराचा सोगा खोचून ते उकिडवे बसले, आणि पुण्याच्या नातवाच्या हातात चिमटा देऊन म्हणाले, “घाई करू नकोस. वास सांगतो.” पहिला रोडगा करपला, तो त्यांनी आपल्या पानात घेतला. येथे मात्र आमचा नियम चालला नाही.

दिवेलागणीस घरी पोचल्यावर त्यांनी प्रत्येक वाहनाचे भाडे आम्हांस विचारून घेतले आणि जमाखर्चाची वही काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती पाहिली. रेल्वे, रिक्षा, एस. टी., सर्व आकडे ओळीने मांडलेले होते. खामगाव-जलंब भाड्याच्या शेजारी मात्र कंसात दुसरी एक बारीक रक्कम होती, आणि तिच्यापुढे साल घातले होते १९६२.