स्वतःचं बारसं

आपल्याकडे नाव दुसऱ्याच्या तोंडून मिळतं. पाळण्यावर वाकलेली आत्या बाळाच्या कानात ते सांगते, मागून तिच्या पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि ज्याच्यासाठी हे सारं चाललेलं असतं तो मूठ चोखत पडलेला असतो. मला दुसऱ्यांदा नाव मिळालं तेव्हा मी चांगली जाणती होते. ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्याने अंगठीने अक्षरं ओढली. वेलांटी वळवताना तांदूळ सरकले आणि तिचा नुसता काना उरला, तेव्हा चुलतसासूबाईंनी तळहाताने ताट सारखं करून त्याला पुन्हा लिहायला लावलं. मग पेढे. नाव मला आवडलं. विचारलं कुणीच नव्हतं, आणि त्याचं तेव्हा काही वाटलंही नव्हतं.

म्हणून डेव्हनमधली माझी शेजारीण, साठी ओलांडलेली बाई, स्वतःसाठी नाव शोधत वह्या भरू लागली तेव्हा मला तिचा थोडा हेवा वाटला आणि थोडी कीवही आली. ती पेगन आहे. चर्च तिने तरुणपणीच सोडलं. आता ती ऋतूंचे सण पाळते, पौर्णिमा चुकवत नाही, आणि विक्का पंथाच्या एका छोट्या मंडळात दीक्षा घ्यायची तिने ठरवलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१च्या जनगणनेत धर्म म्हणून पेगन लिहिणारे सुमारे ७४,००० निघाले, विक्का लिहिणारे १३,०००. तिच्या मंडळात दीक्षेला येताना नवं नाव घेऊन यायचं असतं. ते कुणी देत नाही, आपलं आपण शोधायचं.

या नावांच्या मुळाशी भीती आहे, असं मी आधी धरून चालले होते. विक्काचा प्रणेता जेराल्ड गार्डनर हा मलायात कस्टम्स खात्यात नोकरी करून परतलेला गृहस्थ. १९४९मध्ये त्याने चेटूकविद्येवर कादंबरी छापली ती ‘स्कीरे’ या नावाने. १७३५चा चेटूकविरोधी कायदा तेव्हा जिवंत होता. त्या कायद्याची गंमत अशी, की चेटूक करणं हा त्यात गुन्हा नव्हताच. आपल्याला चेटूक येतं असं भासवणं हा गुन्हा होता. १९५१मध्ये तो रद्द झाला आणि १९५४च्या पुस्तकावर गार्डनरने आपलं नाव बिनदिक्कत घातलं. कायदा गेला तरी शेजारीपाजारी होतेच, नोकऱ्या होत्या, सासरची माणसं होती. पण सगळंच भीतीपोटी म्हणावं, तर लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढमंडळात यीट्ससारखा कवी त्याआधी कितीतरी वर्षं एक लॅटिन वचनच स्वतःचं नाव म्हणून वागवत होता. त्याला कोण पकडायला येणार होतं?

गार्डनरने १९५३मध्ये दीक्षा दिली ती डोरीन व्हॅलिएंटे मला या मंडळींत सर्वांत जवळची वाटते. विक्काच्या विधींतलं उत्तम गद्य तिच्या हातचं. विधीच्या वर्तुळातलं तिचं नाव अमेथ, पण पुस्तकं निघाली ती व्हॅलिएंटे या नावाने. ऐकणाऱ्याला तेच मुद्दाम घेतलेलं वाटावं इतकं दिमाखदार. प्रत्यक्षात ते तिच्या स्पॅनिश नवऱ्याचं आडनाव. ब्रायटनमध्ये ती राहायची त्या इमारतीवरच्या निळ्या फलकावरही तेच कोरलंय. बायकांची नावं कुठून कुठून येतात आणि कशी चिकटून राहतात!

शेजारणीच्या वहीत पहिल्या पानावर ‘रोवन’ होतं. लाल फळांच्या घोसांचं हे झाड इथे पूर्वी दाराशी लावत, चेटकिणी घरात शिरू नयेत म्हणून. आता चेटकिणीच ते नाव घेतात. मग अंकांची पाळी आली. ए म्हणजे १, आयपर्यंत ९, जेपासून पुन्हा १. रोवनची इंग्रजी अक्षरं ९, ६, ५, १, ५. बेरीज २६, म्हणजे ८. तिचा जन्मांक ४. शेवटी एक ई चिकटवली की ३१, म्हणजे ४! तिने आनंदाने पेन्सिल टेबलावर आपटली. मी तिला सांगितलं, आमच्या मुंबईत सिनेमावाले आणि दुकानदार हेच करतात, पैसे देऊन. तिला ते फारसं रुचलं नाही. ई खोडली गेली.

पुढे पानोपानी पक्षी, दगड, नद्या. रेव्हन नको, कारण मेळाव्यात त्या नावाने हाक मारली तर निम्मी माणसं वळून बघतील. देवींची नावं नकोत, पेलवणार नाहीत. या सगळ्या खटाटोपात माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. निवडीची पूर्ण मोकळीक असलेली ही बाई अखेर देणाराच शोधत होती. अंकांनी सांगावं, झाडाने सांगावं, स्वप्नात यावं. अमेरिकेतल्या मिरियम सिमॉस या लेखिकेला स्वप्नात ससाणा दिसला. त्याला टॅरोमधल्या ताऱ्याच्या पानाची जोड देऊन ती स्टारहॉक झाली आणि १९७९मध्ये ‘द स्पायरल डान्स’ हे पुस्तक तिने याच नावाने लिहिलं. म्हणजे तिची आत्या स्वप्नातून आली म्हणायची. सत्तरीच्या दशकात पुण्याला कोरेगाव पार्कात येणारे गोरे तरुण तर रजनीशांच्या हातून नाव घ्यायलाच समुद्र ओलांडत होते. आपणच आपल्या कानात ‘कुर्रर्र’ करायचं, हे माणसाला जमत नसावं.

दुसऱ्या टोकाला आर्थर पेंड्रॅगन. जॉन रॉथवेल नावाच्या माणसाने १९८६मध्ये रीतसर कागद करून राजा आर्थरचं नाव घेतलं आणि ड्रुइडांचा झेंडा घेऊन स्टोनहेंजसाठी भांडत राहिला. मला त्याची हिंमत आवडते, नाव नाही. चारचौघांत रोज वापरून नाव गुळगुळीत होतं. आमच्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव उगीच उच्चारत नसत. कुणी त्यावर करणी करील ही धास्ती. माझं नावरस नाव आईला आणि गुरुजींना ठाऊक होतं. दोघंही गेले. पत्रिका कपाटात आहे. ते नाव मला कुणी हाकेला वापरलेलं नाही, म्हणूनच की काय, त्याच्यावर माझा जीव आहे. शेजारणीला हे सांगितलं तेव्हा ती ताडकन उठून बसली. दोन नावं, एक चारचौघांतलं आणि एक वर्तुळातलं, ही तिच्याकडचीही रीत. मग तिने वही मिटली आणि मला दाखवणं बंद केलं.

दीक्षा होऊन गेली. नाव विचारायचं नसतं, एवढं मला कळतं. रोवन नसणार हे मात्र नक्की: कोपऱ्यावरच्या घरात नवा लॅब्रॅडॉर आलाय, आणि त्याची मालकीण संध्याकाळभर त्याच नावाने त्याला बोलावत असते.